कोन्स्टान्त्सला दोन वर्षं राहायचं आहे. सरोवराकाठचं हे छोटं शहर ओळखीचं कसं करून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरपासून मास्टर्ससाठी जर्मनीतल्या कोन्स्टान्त्सला यायचं ठरलंय, आजवर मोठ्या शहराबाहेर कधी राहिला नाहीत, तिथे ओळखीचं कुणी नाही. तर एवढ्याशा गावात जीव रमेल का, आणि ते ओळखीचं कसं करून घ्यायचं. मी इथल्या विद्यापीठात कामाला आले आणि इथेच राहिले. दोन दिवसांसाठी येणाऱ्याला मी वेगळं सांगितलं असतं. तुम्ही राहायला येताय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी नकाशा उघडा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघा. आल्प्समधून आलेली ऱ्हाईन नदी पूर्वेला ब्रेगेन्झजवळ बोडेनझे सरोवरात शिरते. या मोठ्या, खोल भागाला ओबरझे म्हणतात. कोन्स्टान्त्सच्या पुलाखालून तेच पाणी एका अरुंद प्रवाहातून बाहेर पडतं. तो झेऱ्हाईन, जेमतेम चार किलोमीटरचा. पुढे उथळ, बोरूने भरलेलं उंटरझे लागतं. शहर या प्रवाहाच्या दोन्ही अंगांना आहे. उत्तरेकडे बहुतेक वस्ती, जंगल आणि टेकडीवरचं तुमचं विद्यापीठ. दक्षिणेकडे जुनं गाव, आणि त्याला लागूनच स्वित्झर्लंडचं क्रॉइत्स्लिंगेन. वस्ती सुमारे ८५ हजार, त्यात पंधरा हजारांच्या आसपास विद्यार्थी.

पाणी आणि सरहद्द, या दोन गोष्टी कळल्या की कोन्स्टान्त्स कळतं. इथलं धुकं, घरभाडी, शनिवारची गर्दी, सहाशे वर्षांपूर्वीचा इतिहास, सगळ्याचा धागा शेवटी या दोहोंपैकी एकीपाशी जातो. म्हणून बघायच्या ठिकाणांची यादी करत बसू नका. या दोन कडा पायाखाली घाला.

कागदपत्रांचं लवकर उरकते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. विद्यार्थ्यांची वसतिगृहं 'झेत्साइट' ही संस्था चालवते. तिथे अर्ज अजून केला नसेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी तो करा. पुष्कळ लोक इथे राहून स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करतात, त्यांचे पगार फ्रँकमध्ये असतात, आणि तीन बाजूंना पाणी-सरहद्द असल्यामुळे शहराला पसरायला जागा नाही. भाडी का चढतात ते यावरून लक्षात येईल.

आता तुमच्या पहिल्या वर्षाच्या क्रमानेच सांगते.

ऑक्टोबरमध्ये आलात की पहिले काही आठवडे छान जातील आणि मग नोव्हेंबर येईल. याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी जोर देऊन सांगते. आल्प्स आणि उत्तरेकडचे डोंगर यांच्यामधल्या या खोलगट भागात थंड हवा साचते, सरोवरातून बाष्प मिळतं, आणि वारा पडला की आभाळाला राखाडी झाकण बसतं. ते कधीकधी आठवडाभर हलत नाही. समोरचा काठ नाही, पर्वत नाहीत, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहिलेलं निळं पाणी कुठे गेलं असा प्रश्न पडतो आणि घरची आठवण याच दिवसांत सगळ्यात जास्त छळते. गरम देशांतून आलेल्या कितीतरी मुलांना मी या महिन्यात खचताना पाहिलंय. त्यांनी शहराबद्दल मत बनवलं ते याच दिवसांत, आणि ते चुकीचं होतं.

यावर उपाय आहे आणि तो भौगोलिक आहे. हे झाकण बहुतेक वेळा फार जाड नसतं. स्विस काठाने आगगाडीने ब्रेगेन्झला जा आणि तिथून रोपवेच्या पाळण्याने १,०६४ मीटर उंचीच्या फेन्डर डोंगरावर चढा. बऱ्याच वेळा वर लख्ख ऊन असतं, खाली सगळं पांढरं, आणि दक्षिणेला आल्प्सची अख्खी रांग. निघण्याआधी डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र इंटरनेटवर बघून घ्या. धुक्याच्या दिवसांत महिन्यातून एकदा तरी वर जाण्याचा नेम ठेवा. ही चैन नव्हे, तब्येतीची गरज आहे.

मधेच कधीतरी दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो. त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होते की २,५०२ मीटर उंचीचा झेन्टिस पर्वत पुढच्या गल्लीत आल्यासारखा दिसतो. कुणी अचानक काम सोडून खिडकीशी गेलं तर समजा फ्योन आलाय. तुम्हीही जा. व्याख्यान पुन्हा मिळेल.

धुक्याचे दिवस जुन्या गावासाठी मात्र उत्तम. पर्यटक गेलेले असतात, आणि इथल्या गल्ल्या तशाही पाण्याकडे पाठ करून उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड इतकं खेटून होतं की शहरावर बॉम्बवर्षाव झाला नाही. त्यामुळे मध्ययुगातली घरं खरीखुरी, तीच आहेत. मिन्स्टर या मुख्य चर्चच्या उत्तरेला नीडरबुर्ग हा सगळ्यात जुना भाग आहे. तिथे फिरताना घरांवरची नावं आणि साल वाचत चला, म्हणजे जर्मनही सुधारेल.

बंदरापाशी काँत्सील नावाची मोठ्या छपराची इमारत आहे. ती १३८८ मध्ये बांधायला घेतली ती इटलीशी चालणाऱ्या व्यापाराच्या मालाचं गोदाम म्हणून. १४१४ ते १४१८ या काळात इथे ख्रिस्ती धर्मपरिषद भरली. त्या वेळी तीन जण एकाच वेळी आपणच पोप असल्याचा दावा करत होते. नोव्हेंबर १४१७ मध्ये याच गोदामात बंद दाराआड मतदान होऊन मार्टिन पाचवा निवडला गेला आणि ती फूट मिटली. आल्प्सच्या उत्तरेला सगळ्यांनी मान्य केलेली पोपची अशी निवड तेवढीच एकदा झाली. बंदराच्या टोकाला इम्पेरिया नावाचा स्त्रीचा प्रचंड पुतळा हळूहळू स्वतःभोवती फिरत असतो. तिच्या दोन हातांवर दोन उघडे बोडके लहानसे पुरुष, एकाच्या डोक्यावर राजाचा मुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर पोपचा. पेटर लेंक या शिल्पकाराने १९९३ मध्ये ती उभी केली तेव्हा गावात मोठा विरोध झाला. आज शहराच्या प्रत्येक पोस्टकार्डावर तीच असते.

पण इम्पेरियापाशी थांबू नका. जुन्या गावाच्या पश्चिमेला पाराडीस नावाच्या शांत वस्तीत झाडाखाली एक मोठा दगड आहे, त्याला हुसनश्टाइन म्हणतात. प्रागचा धर्मसुधारक यान हुस जर्मन राजाने दिलेल्या अभयपत्राच्या भरवशावर इथे आपलं म्हणणं मांडायला आला. त्याला पकडून पाण्यातल्या मठात डांबलं आणि ६ जुलै १४१५ रोजी गावाबाहेर जिवंत जाळलं. पुढच्या वर्षी त्याचा सहकारी प्रागचा जेरोम याचंही तेच झालं. दगडावर दोघांची नावं आहेत. जिथे हुसला डांबलं त्या मठात पुढे १८३८ मध्ये हवाई जहाजं बांधणारा काउंट त्सेपेलिन जन्मला, आणि आता तिथे महागडं हॉटेल आहे. माझ्या मते हे शहर जाणून घ्यायचं तर तो दगड चुकवता येत नाही. अभय देऊन बोलावलेल्या माणसाला जाळणारं आणि त्याच्या नावाने रस्ता, संग्रहालय, स्मारक जपणारं गाव एकच आहे, आणि इथली माणसं ही गोष्ट झाकत नाहीत.

आता सरहद्द. बंदरापासून सरोवराच्या काठाने दक्षिणेला चालत निघालात की दहा-पंधरा मिनिटांत क्लाइन व्हेनेडिग नावाच्या मोकळ्या मैदानात पोहोचता. इथे पूर्वी दोन देशांमधलं कुंपण होतं. २००६ मध्ये ते काढलं आणि २००७ मध्ये त्याच रेषेवर योहानेस ड्योर्फलिंगर या कलाकाराची २२ धातुशिल्पं उभी केली. एक पाय जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये ठेवून फोटो काढतात तो इथे. तुम्हीही काढा आणि घरी पाठवा, आईवडिलांना आवडेल. गंमत अशी की जमिनीवर रेषा इतकी ठळक असली तरी पुढे ओबरझेच्या मध्यावर जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यात सर्वमान्य सीमारेषाच नाही. तिन्ही देश सरोवराचा कारभार आयोग नेमून, एकमेकांशी बोलून चालवतात.

रोजच्या जगण्यात ही रेषा अशी भेटेल. शनिवारी दुकानांत स्विस लोकांची झुंबड असते, कारण त्यांना इथल्या वस्तू स्वस्त पडतात आणि ५० युरोंच्या वर खरेदी असेल तर जर्मनीचा मूल्यवर्धित कर परत मागता येतो. म्हणून पैसे देताना प्रत्येकजण पावतीबरोबर निर्यातीचा कागद मागतो आणि रांग सरकत नाही. १ जानेवारी २०२५ पासून स्वित्झर्लंडने करमुक्त खरेदीची मर्यादा ३०० फ्रँकवरून १५० वर आणली आहे. तरी तुम्ही आपला किराणा मंगळवारी किंवा बुधवारी भरा. रविवारी सगळं बंद असतं हे लक्षात ठेवून.

दुसरं, फोन. जुन्या गावाच्या दक्षिण टोकाला फोन न सांगता स्विस नेटवर्क पकडतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथे रोमिंगचे वेगळे पैसे लागू शकतात. आल्या आल्या फोनचं नेटवर्क स्वतः निवडून ठेवा किंवा परदेशी डेटा बंद करा. तिसरं, पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये असल्याने तुम्ही तिकडे चहा प्यायला जाऊ शकता, पण तपासणी होऊ शकते आणि जवळ कागद हवेत. आणि जर्मन विद्यार्थी परवान्यावर पलीकडे नोकरी करता येत नाही. तिथले पगार ऐकून मन जाईल, पण त्या वाटेला परवान्याशिवाय जाऊ नका.

फेब्रुवारीत, ॲश वेन्सडेच्या आधीच्या आठवड्यात, फाझनाख्ट हा मुखवट्यांचा आणि वेषांतराचा उत्सव येतो. एरवी मोजकं बोलणारं गाव तेव्हा ओळखू येत नाही. सुरुवात गुरुवारी होते. पहाटेपासून वाद्यं वाजतात, दुकानदार, बँकेतले लोक वेषांतर करून कामावर येतात. त्या संध्याकाळी शाळेतली मुलं पांढरे झोपण्याचे झगे घालून मिरवणूक काढतात आणि आपल्या शिक्षकांची फलकांवरून यथेच्छ टिंगल करतात. या मिरवणुकीला हेम्डग्लोंकर म्हणतात. लाकडी मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेले असतात. रस्त्यात कुणी 'हो नारो!' ओरडलं की तुम्हीही तसंच ओरडायचं. एक पांढरा सदरा विकत घ्या आणि गर्दीत जा; इथल्या माणसाशी पहिला मोकळा संवाद बहुधा त्याच रात्री होईल.

फेब्रुवारीतच सरोवराची पातळी सगळ्यात खाली असते. डोंगरात पाणी बर्फ होऊन अडकलेलं असतं, म्हणून काठाजवळचा दगडगोट्यांचा तळ उघडा पडतो. एप्रिलनंतर बर्फ वितळतं आणि जून-जुलैपर्यंत पातळी साधारण दीड मीटर चढते. आल्प्सभोवतीच्या बहुतेक मोठ्या सरोवरांना पाणी अडवणारे दरवाजे आहेत, बोडेनझेला नाहीत. ते अजून स्वतःच्या मर्जीने चढतं-उतरतं. एखादी पायरी किंवा भिंत हेरून ठेवा आणि महिन्यामहिन्याला पाणी कुठवर आलं ते बघत जा. यातून हे सरोवर जितकं कळेल तितकं कुठल्या बोटफेरीतून कळणार नाही.

उन्हाळ्यात मात्र शहर पाण्यातच राहतं. पूर्वेच्या टोकाला श्ट्रांडबाड हॉर्न आहे, सगळे त्याला ह्योर्नले म्हणतात. प्रवेश फुकट, हिरवळ प्रशस्त. तिथे एका भागात लोक विवस्त्र पोहतात, ते इथे नेहमीचं आहे, दचकू नका. झेऱ्हाईनच्या काठी हेरोझे पार्कमध्ये संध्याकाळी अर्धं विद्यापीठ बसलेलं असतं. तुम्हीही डबा घेऊन तिथे जाऊन बसा. ओळखी वर्गात होतात त्यापेक्षा इथे लवकर होतात.

पोहता येत नसेल तर आधी शिका, मग काठाबाहेर पाय टाका. हे मी कळकळीने सांगते, कारण आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना तलावातलं चार हात पोहणं येतं आणि त्यांना ते पुरेसं वाटतं. हे सरोवर ५३६ चौरस किलोमीटरचं आणि सर्वांत खोल जागी अडीचशे मीटरचं आहे. वारा फिरला की तळाचं थंड पाणी वर येतं आणि काल उबदार असलेलं पाणी आज अंगावर काटा आणतं. झेऱ्हाईनला ओढ आहे, पुलावरून उड्या मारणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. काठावर जागोजागी नारिंगी दिवे आहेत. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा लुकलुकले तर वादळाचा. ४० दिसले की पाण्यातून बाहेर या. आभाळ निरभ्र असतानाही पश्चिमेकडून वादळ थोड्या वेळात येऊन पोहोचतं.

पाण्याखाली काय चाललंय तेही थोडं सांगते, कारण गावातल्या लोकांच्या बोलण्यात ते सतत येतं. साठ-सत्तरच्या दशकांत सांडपाणी आणि साबणांमधलं फॉस्फरस इतकं उतरलं की सरोवर शेवाळाने गुदमरलं. १९७९ च्या सुमारास त्याचं प्रमाण लिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं होतं. मग काठावरच्या देशांनी मिळून सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रं उभारली आणि आज ते प्रमाण दहाच्या खाली आहे. झिपलिंगेनजवळ ६० मीटर खोलीवरून काढलेलं पाणी बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यातले सुमारे ४० लाख लोक पितात. पण पाणी स्वच्छ झालं तसं माशांचं खाद्यही घटलं. वर काटेरी स्टिकलबॅक मासा माजला, २०१६ मध्ये क्वागा नावाचा परका शिंपला आला आणि त्याने तळ व्यापला. इथला प्रसिद्ध फेल्खन मासा इतका कमी झाला की २०२४ पासून ओबरझेमध्ये त्याच्या मासेमारीवर तीन वर्षांची बंदी आली. कोळ्यांच्या पिढीजात घरांनी होड्या बाहेर काढल्या. हॉटेलच्या पाटीवर फेल्खन दिसला तर तो कुठून आला हे विचारा. तेवढं विचारलंत तरी तुम्हाला या गावाची काळजी आहे हे समोरच्याला कळतं आणि तो बोलायला लागतो.

दोन बेटं आहेत. माइनाऊ हे फुलांचं, ४५ हेक्टरचं, तिकीट लागतं. विद्यापीठातून जंगलवाटेने चालत जाता येतं, हिवाळ्यात तिकीट कमी असतं. राइशेनाऊ मला जास्त जवळचं. ७२४ मध्ये तिथे मठ स्थापन झाला, दहाव्या शतकातली भित्तिचित्रं अजून भिंतींवर आहेत, २००० पासून बेट जागतिक वारसा यादीत आहे, आणि तरीही तिथे लोक निवांत भाजीपाला पिकवतात. पॉपलरच्या झाडांमधून सायकलने जा. वाटेत वोल्माटिंगर रीड हे बोरूचं रान लागतं; हिवाळ्यात तिथे बदकांचे थवेच्या थवे उतरतात.

समोरच्या काठावरच्या मेर्सबुर्गला जाणारी फेरीबोट १९२८ पासून चालू आहे, शहरातल्या श्टाड या भागातून सुटते, रात्रंदिवस सुरू असते आणि पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. फार उदास वाटलं तर रात्रीच्या फेरीने पलीकडे जाऊन परत या. पायी जाणाऱ्याला त्याचा खर्च फारसा नाही.

माणसांबद्दल शेवटी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. इथली माणसं स्वतःहून घरी बोलावणार नाहीत, पण एकाच ठिकाणी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्याला ती आपलं मानतात. म्हणून कार्यक्रमांमागे धावू नका, नियमित काहीतरी धरा. मंगळवारी आणि शुक्रवारी श्टेफान्सप्लात्सवर, बुधवारी आणि शनिवारी गेबहार्डप्लात्सवर बाजार भरतो. दर वेळी त्याच बाईकडून भाजी घ्या, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोला. आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नाव घाला. त्यांची सरोवराच्या काठावर स्वतःची जागा आहे, तिथे वल्हवणं, शिडाची होडी चालवणं शिकवतात, आणि होडीत चार जणांना एकमेकांशी बोलल्यावाचून भागत नाही. या वर्गांच्या जागा सत्राच्या सुरुवातीलाच भरतात, म्हणून नोंदणी कधी उघडते ते भारतातून निघण्याआधीच बघून ठेवा.